मदत हवी आहे: पावसात हेल्मेटची काच आतून पांढरी, बाहेरून थेंब, वरून चष्मा

धानपट्टा
नमस्कार मंडळी. अर्जुनी मोरगाव ते साकोली रोजचं जाणं-येणं आहे. निघणं पहाटे साडेपाचला, परत येताना अंधार पडलेला. गाडी शंभर सीसीची, वेग 30 ते 40. त्याच्यावर रस्ताच जाऊ देत नाही. हेल्मेट फुल फेस, आयएसआय मार्कचं. हनुवटीला एक व्हेंट (हवा जायचं उघडझाप भोक), डोक्यावर दोन. काच एक वर्ष जुनी. डोळ्याला चष्मा, तोंडाला दस्ती (रुमाल).

पाऊस लागला की पाच मिनिटांत काच आतून पांढरी होते. उघडली तर चष्म्यावर थेंब, लावली तर समोरचं दिसत नाही. आतापर्यंत केलेलं: टूथपेस्टनं दोनदा घासली, कापलेला बटाटा फिरवला, कारच्या काचेला लावतात ते पाणी झटकणारं लिक्विड आतून-बाहेरून लावलं. बटाट्यानं एक दिवस बरं चाललं. लिक्विडनं तर त्रास वाढलाच. दिवाळीनंतर नवेगावबांधकडे धुकं धरतं, तेव्हाचीही सोय आताच करायची आहे. पिनलॉक, म्हणजे वाफ अडवायला आतून बसवतात ती दुसरी काच, घ्यावं का?

वैनगंगा
दादा, हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

बाहेरून पडतं ते पावसाचं पाणी. आतून बसते ती तुमच्या श्वासातली वाफ. श्वास 34 अंशांच्या आसपास गरम आणि पाण्यानं भरलेला असतो. पावसानं गार झालेल्या काचेला तो लागला की वाफेचे बारीक बारीक थेंब होतात. थेंब गोल असतात म्हणून उजेड फाकतो आणि काच पांढरी दिसते. तेच पाणी सपाट पापुद्र्यासारखं पसरलं तर आरपार दिसतं. म्हणजे आतल्या बाजूला पाणी पसरवणारं काहीतरी हवं. पाणी झटकणारं लिक्विड उलटं काम करतं, पाण्याचे गोल थेंब करतं. ते आतून कधीच लावायचं नाही. शिवाय काचेसाठी बनवलेल्या लिक्विडमध्ये स्पिरिटसारखे द्रव असू शकतात आणि हेल्मेटची 'काच' ही काच नसते, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं. बाटलीवर 'प्लास्टिक व्हायझरसाठी चालेल' असं स्पष्ट छापलेलं असेल तरच बाहेरून लावा.

आधी आतला तो थर काढा. काच हेल्मेटवरून उतरवा. बहुतेक हेल्मेटना काच पूर्ण वर केली की बाजूला खटका दिसतो. जुन्या पद्धतीचं असेल तर दोन्ही कानाशी प्लास्टिकचे स्क्रू असतात, ते नाण्यानं फिरतात. तांब्याभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब टाकून बोटांनी हलकं चोळा, धुवा, पुन्हा चोळा. दोन-तीन हात द्यावे लागतील. मग काचेवर 'हाऽ' करून पाहा. मोठे मोठे टिपके दिसत असतील तर थर अजून आहे.

सगळं निघालं की सोपचा एक थेंब, पाण्याचे चार-पाच थेंब बोटावर मिसळून फक्त आतून पातळ फिरवा. दहा मिनिटं सावलीत वाळू द्या. पांढुरके ओघळ दिसतील. ते धुवायचे नाहीत, कोरड्या मऊ सुती कापडानं हलके पुसत न्यायचे, आरपार दिसेपर्यंत. धुतलं तर थर गेला आणि पुसलंच नाही तर रात्री समोरच्या लाइटला तारे फुटतात. हा थर एक-दोन दिवस टिकतो. गाडीवर असताना आतून हात फिरवला की त्या जागेवरून लगेच जातो, म्हणून आतून हात लावायचा नाही. जाड लावू नका, पावसात ओघळून डोळ्यात गेला तर चुरचुरतो आणि नेमक्या वळणावर डोळे मिटतात.

टूथपेस्ट मात्र बंद. तिच्यात घासणारी पूड असते.

कपाशीवाला
भाऊ, बाकी उपाय मागून करा, पयले ते दस्ती नाकाखाली घ्या. दस्ती नाकावरून बांधली का श्वास जाईन कुठून? नाकाच्या दोन्ही बाजूले फट राह्यते, तिथून गरम वाफ सीधी चष्म्यावर अन् काचीवर. धुळीसाठी नाक झाकाच लागत असन तर नाकावर तार असलेला मास्क घाला, ते तार बोटानं दाबून नाकाच्या हाडाले चिकटवा, अन् चष्मा मास्कच्या काठावर बसवा. चष्मेवाल्याले याच्याइतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाई.

हेल्मेटात नाकासमोर रबराचा पट्टा बसवाची सोय असन तर तोबी लावा. त्यानं श्वास खाली ढकलल्या जाते. पण हनुवटीखालचा कापडी पडदा पावसाळ्यात काढून ठेवा. त्यानं वारा अडते, वाफ आतच कोंडते.

सातपुड्याचा
कपाशीवाल्या भाऊंनी बरोबर सांगितलं. त्यात एक जोड: आतली गादी. पावसाळ्यात गालाच्या गाद्या ओल्या झाल्या की दोन-दोन दिवस वाळत नाहीत. डोक्याच्या गरमीनं तेच पाणी आत वाफ होऊन फिरतं आणि मग श्वास कितीही सांभाळला तरी काच वाफ धरते. रात्री घरी आलं की गाद्या उपसून पंख्याखाली टाका, हेल्मेटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभरानं बदला. चुलीजवळ किंवा सायलेन्सरवर वाळवू नका, आतला थर्माकोल खराब होतो आणि डोकं वाचवायचं काम तोच करतो.

आता व्हेंटचं. पावसाळ्यात 25 अंशांची, ओलीनं पूर्ण भरलेली हवा घनमीटरला साधारण 23 ग्रॅम पाणी धरून असते. हिवाळ्यात पहाटे 10 अंशांला भरलेली हवासुद्धा साधारण 9 ग्रॅमच धरते. म्हणून जुलैत व्हेंट उघडूनही फायदा थोडा वाटतो, बाहेरचीच हवा ओली असते. हिवाळ्यात काच जास्त गार असल्यामुळे वाफ लवकर बसते, पण व्हेंट उघडला की पटकन सुटतेही. दोन्ही ऋतूंत हनुवटीचा व्हेंट उघडाच ठेवा. वरचे दोन जोराच्या पावसात बंद करा, काही हेल्मेटमध्ये तिथून पाणी आत झिरपतं.

काच पहिल्या खाचेवर, म्हणजे बोटभरापेक्षा कमी, उघडी ठेवून चालवायची सवय करा. गाडी थांबली की पूर्ण वर. फाटकावर किंवा टपरीसमोर बंद काचेत उभं राहिलं की अर्ध्या मिनिटात काच धरते.

धानपट्टा
दस्तीचं आजच करून पाहतो. धुण्याचंही. पण बाहेरच्या पाण्याचं काय? सगळीकडे लिहिलेलं असतं की लिक्विड लावा, पाणी आपोआप उडून जातं. माझ्याकडे उडत नाही, तिथंच बसून राहतं.

वैनगंगा
कारण ते हायवेवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. थेंब ढकलायला वारा लागतो. 60-70 च्या वेगात तो मिळतो, 35 ला मिळत नाही. मग होतं असं की लिक्विडमुळे पाण्याचे गोल, फुगीर थेंब बनतात, जागेवरच बसतात आणि रात्री समोरून ट्रॅक्टरचा लाइट आला की प्रत्येक थेंबात एक एक दिवा पेटतो. तुमच्या वेगाला लिक्विडपेक्षा स्वच्छ धुतलेली काच चांगली. पाणी पसरून खाली ओघळतं, समोरचं थोडं लहरतं पण दिसतं. लावायचंच असेल तर फक्त बाहेरून आणि फक्त मोठ्या रस्त्यावर जायचं असेल तेव्हा.

मान थोडी डावी-उजवीकडे वळवली तर बाजूच्या वाऱ्यानं बरंच पाणी सरकतं. डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यावर रबराची पट्टी असलेला वायपर मिळतो, तो चांगला. उजवा हात अॅक्सिलरेटरवरून काढायचा नाही.

मात्र वायपर, हात, बाही, काहीही फिरवायचं ते निव्वळ पावसाच्या पाण्यावर. ट्रकनं उडवलेला गारा असेल तर अजिबात पुसू नका. आपल्याकडच्या चिखलात माती आणि बारीक रेती मिसळलेली असते. एकदा बाही ओढली की डोळ्यासमोर आडव्या रेघा, त्या जन्मभराच्या. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली डिकीत किंवा पिशवीत ठेवा, थांबा, वरून ओता, वाहून जाऊ द्या. संध्याकाळचे किडे वाळून चिकटले असतील तर जुन्या सुती साडीचा ओला तुकडा दहा मिनिटं काचेवर ठेवून द्या. ते भिजून सुटतात, नखानं खरवडायची गरज पडत नाही.

आणि पेट्रोल पंपावरच्या त्या फडक्यानं काच पुसायची पद्धत सोडा. पेट्रोल आणि थिनरनं पॉलिकार्बोनेटला केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या दिसत नाहीत, पण काच तिथूनच फुटते. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडही नको.

रातराणी_वर्धा
पिनलॉकचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. ती आतून बसवायची दुसरी पातळ काच असते, ओल शोषून घेणारी. तिच्या कडेनं सिलिकॉनची बारीक गोट असते. दोन काचांमध्ये हवेचा थर अडकतो, त्यामुळे आतली काच बाहेरच्याइतकी गार पडत नाही आणि वाफ बसत नाही. धानपट्टा दादा, तुम्हाला पहाटेच्या धुक्यात याचा खरा उपयोग होईल, पण तुमच्या काचेला दोन्ही बाजूंना त्यासाठीच्या खुंट्या असतील तरच. खुंट्या नसतील तर घरी ड्रिलनं भोकं पाडू नका, भोकाच्या कडेनं चिरा जातात. खुंट्यांची काच तुमच्या मॉडेलसाठी मिळते का ते दुकानात विचारा.

बसवताना काच उतरवून सपाटीकडे थोडी वाकवायची, आतली काच एका खुंटीत अडकवून दुसरीत सरकवायची, आणि तिच्यावरची संरक्षक फिल्म बसवून झाल्यावरच काढायची. सिलिकॉन गोट सगळीकडून टेकली पाहिजे. उजेडाकडे धरून पाहिलं की टेकलेल्या जागी अखंड रेघ दिसते. तुटक दिसली तर खुंटी थोडी फिरवून घट्ट करा, ती मध्यापासून जरा बाजूला बसवलेली असते त्यासाठीच. नंतर दोन काचांच्या मध्ये वाफ दिसली तर समजा गोट कुठंतरी सुटलीय. साबण, लिक्विड यातलं काहीही तिच्यावर लावायचं नाही. धुवायची ती साध्या पाण्यानं, सावलीत वाळवायची, घासायची नाही, ती मऊ असते. रात्री तिच्या कडांमध्ये लाइटचं दुहेरी प्रतिबिंब पडतं, दोन-चार दिवस सवय लागायला जातात.

सातपुड्याचा
पिनलॉक घ्यायच्या आधी तुमची आहे ती काच तपासा. टूथपेस्ट दोनदा लागलीय. अंधाऱ्या खोलीत काच डोळ्यासमोर धरा आणि टॉर्च बाजूनं तिरपा मारा. जाळं दिसलं तर ती रात्रीसाठी गेली, कुठल्याच लिक्विडनं भरून निघत नाही. नवी घेताना त्याच मॉडेलची आणि पारदर्शकच घ्या. काळसर काच तुमच्या वेळेला, पहाटे आणि अंधारात, अजिबात नको.

दुसरी तपासणी वरच्या रबराची. वहीच्या कागदाची पट्टी काचेखाली धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा. अडकली तर ठीक. सहज सरकली तर तिथून पाणी आतल्या बाजूनं ओघळतं आणि माणसाला वाटतं वाफच आहे.

धुक्याबद्दल: धुक्यात काच उघडी ठेवली की धुक्याचेच कण चष्म्यावर बसतात, म्हणून तिथं पहिल्या खाचेपेक्षा जास्त उघडू नका. चष्म्याच्या काचेलाही सोपचा तोच पातळ थर चालतो. लाइट डिपरवर, म्हणजे खालचा. अप्परनं समोर पांढरी भिंत उभी राहते. तलावाजवळ आणि नाल्याच्या उतारात धुकं साठून असतं, त्या जागा माहीत असतीलच. तिथं काच स्वच्छ असली तरी पुढचं दिसणार नाही, तेव्हा वेग आधीच कमी करा.

धानपट्टा
टॉर्चनं पाहिलं, जाळं आहे. काच बदलतो. कागद उजवीकडे अडकतो, डावीकडे मोकळा सरकतो. दस्ती खाली घेऊन आज सकाळी रिमझिम पावसात गेलो, चष्मा धरला नाही, काच फक्त खालच्या काठाला धरली. डावी बाजू नव्या काचेनं सुटेल का?

सातपुड्याचा
नेहमीच नाही. काच उतरवा. खाली जी प्लास्टिकची पट्टी असते, काच जिच्यात फिरते, तिचे दोन स्क्रू अर्धा-पाऊण आटा सैल करा. पट्टी मागच्या बाजूला, म्हणजे डोक्याच्या दिशेनं, दाबून धरा आणि स्क्रू परत आवळा. हलकेच, प्लास्टिकचा आटा लगेच घसरतो. काच लावून पुन्हा कागद ओढून पाहा. मिलिमीटरभर सरकली तरी पुरतं. तरीही सैल लागलं तर वरच्या रबराची गोट चपटी झालीय का ते बोटानं चाचपा. तसं असेल तर रबर बदलावं लागेल.