टेक्सास: सबडिव्हिजनमधली जुनी कौटुंबिक दफनभूमी, राज्याचा मार्कर बसवून अनावरण कसं करायचं?

पेकनची_सावली
आमच्या सबडिव्हिजनच्या (घरांची वसाहत, कॉलिन काउंटी) ग्रीनबेल्टला लागून पीटर्स कॉलनी या जुन्या वसाहत योजनेच्या काळातल्या एका शेतकरी घराण्याची दफनभूमी आहे. पंधराएक शिळा, वाचता येणारी सगळ्यात जुनी 1857 ची, भोवती तारेचं कुंपण. राज्याचा ऐतिहासिक मार्कर (खांबावरचा माहितीफलक) लावून येत्या नोव्हेंबरात छोटा कार्यक्रम करायचा एचओएचा (घरमालकांच्या संघटनेचा) विचार आहे. घराण्याचे वंशज ओक्लाहोमाहून यायला तयार आहेत. कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची? खांब कुठे रोवायचा? शिळा आधी धुऊन घ्याव्यात का?

दस्तऐवज
येत्या नोव्हेंबरचा नाद सोडा. दफनभूमीच्या मार्करआधी टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनकडून ‘हिस्टॉरिक टेक्सास सिमेटरी’ हा दर्जा घ्यावा लागतो. दफनभूमी किमान 50 वर्षं जुनी हवी, ती अट तुमची सहज बसते. हा दर्जा काउंटीच्या जमीन-दस्तांत नोंदवला जातो आणि माझ्या मते मार्करपेक्षा मोलाची गोष्ट हीच. पुढे जमीन कोणीही घेतली तरी टायटल (मालकीहक्क) तपासताना ती नोंद समोर येते. मार्करचा अर्ज त्यानंतर, काउंटी हिस्टॉरिकल कमिशनमार्फत. खर्च अर्जदाराचा.

इतिहास लिहिताना सुरुवात जमिनीपासून करा. पीटर्स कॉलनीत कुटुंबाला 640 एकर आणि एकट्या पुरुषाला 320 एकर मिळत. त्या कागदांसाठी टेक्सास जनरल लँड ऑफिस बघा. मग 1850 ची जनगणना, कारण घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव तिथपासून मिळतं. 1890 ची बहुतेक सगळी आगीत गेली, त्यामुळे 1880 ते 1900 मधली पोकळी प्रोबेट (वारसा-मृत्युपत्राच्या) नोंदी आणि खरेदीखतांनी भरावी लागते. राज्यभर मृत्यूनोंदणी 1903 ची, म्हणजे तुमच्या जुन्या शिळांना दाखले मिळणार नाहीत. शिळेवरचं साल हाच पुरावा धरू नका. कित्येक शिळा मुलांनी मागाहून, पैसे आल्यावर बसवलेल्या असतात.

1850 आणि 1860 चे गुलामांचे तक्तेही काढा. त्यांत मालकाचं नाव असतं, गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. या घराण्याचं नाव तिथे निघालं तर मजकुरात ते यायलाच हवं, आणि कुंपणाबाहेरची जागाही तपासायला हवी, गुलामांना तिथे पुरलेलं असू शकतं.

मजकूर कमिशन लिहितं, तुमच्याकडे मसुदा तपासायला येतो. नावांची स्पेलिंग वंशजांकडून लेखी मंजूर करून घ्या. मार्करचा पत्रा ओतल्यावर दुरुस्ती नसते, नवा पत्राच करावा लागतो.

चुनखडी
खांब कुंपणाच्या आत नको. आणि ‘कुंपणाबाहेर म्हणजे मोकळी जागा’ हेही खरं नाही. तार पुष्कळदा नंतर कोणीतरी अंदाजाने ओढलेली असते. थडगी पूर्व-पश्चिम, डोकं पश्चिमेला. त्याच दिशेने लांबट खळगे, ओळीत रोवलेले अनघड दगड, मधेच आयरिस किंवा सदाहरित व्हिंकाचा गालिचा दिसला तर तिथे खणू नका. शंका असेल तर जीपीआर (जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारची तपासणी) करून घ्या. 811 ला (खणण्याआधी कळवायचा फोन नंबर) दोन कामकाजाचे दिवस आधी कळवा, ग्रीनबेल्टमधून केबल गेलेल्या असतात.

मोठा पत्रा 27 × 42 इंची, ओतीव ॲल्युमिनियमचा, वारा चांगलाच धरतो. 12 इंच व्यास, 30 इंच खोल खड्ड्याला सुमारे 2 घनफूट काँक्रीट लागतं, म्हणजे 80 पौंडी चार पिशव्या आणून ठेवा. तिथली काळी चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच: उन्हात भेगाळते, पावसात फुगते. म्हणून खड्डा तळाशी रुंद ठेवा. तोंडाशी काँक्रीट पसरलं तर फुगणारी माती त्यालाच खालून उचलते आणि दोन-तीन वर्षांत खांब कलतो.

शिळा: ब्लीच, तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर काहीही नको. ब्लीचचे क्षार संगमरवरात राहतात आणि पापुद्रे सुटतात. आधी बोट फिरवा. साखरेसारखे कण हाताला लागले तर ती शिळा तशीच सोडा. बाकीच्यांना भरपूर पाणी, मग डी/2 (शिळा साफ करायचं द्रावण), दहा-पंधरा मिनिटांनी मऊ नायलॉन ब्रशने खालून वर घासून पुन्हा पाणी. डी/2 चा परिणाम पुढचे कित्येक आठवडे दिसत राहतो, म्हणून हे काम कार्यक्रमाच्या महिनाभर आधी. मोडलेली शिळा पोर्टलँड सिमेंटने जोडू नका, ते दगडापेक्षा कडक असतं आणि पुढची चीर दगडातच जाते.

पेकनची_सावली
आभारी आहे. जायची वाट शेजाऱ्याच्या जागेतून आहे आणि तो कुरकुरतोय. त्याला काय सांगायचं?

दस्तऐवज
टेक्सास हेल्थ अँड सेफ्टी कोड, कलम 711.041. दफनभूमीला सार्वजनिक वाट नसेल तर भेट देणाऱ्याला वाजवी ये-जा करण्याचा हक्क आहे. पण तो हक्क थडग्यांना भेट देण्यापुरता. शंभर माणसं आणि गाड्या आणायच्या तर त्याची परवानगी लेखी घ्या, मार्ग आणि वेळ ठरवून.

मांडव_आणि_माईक
तारीख पत्रा हातात आल्यावरच छापा. खांब आठवडाभर आधी रोवून पत्रा कापडाने झाका. गाठ सुटती मारा, नाहीतर ऐन वेळी कात्री शोधावी लागते. क्रम साधा: ध्वज, प्रार्थना, पाच-सात मिनिटांचा इतिहास, वंशजांतल्या वडीलधाऱ्यांकडून अनावरण, मग मजकुराचं मोठ्याने वाचन. अर्ध्या तासात आटपा. खुर्च्यांचे पाय थडग्यांवर येणार नाहीत अशी दोरी आधीच बांधा, मातीत पोकळी असते. नारळ-उदबत्तीचा उत्साह कोणाला आला तर आवरा, काउंटीत बर्न बॅन (उघड्यावर जाळायला बंदी) असेल तर वाळक्या गवतात ठिणगी महागात पडेल. फुलं चालतील, पण वंशजांना विचारून.