मॉडिफाय केलेला चेनसॉ खरंच जास्त कापतो का? मोजून बघितलेल्यांनी अनुभव लिहा

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोलीकडे आंबा, काजू, फणस सगळं आडवं झालं, तेव्हापासून वाडीवाडीत वूडकटर आलेत आणि आता सायलेन्सर मोकळा करून घ्यायचं फॅड आहे. माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन आहेत, एक कंपनीफिटिंग आणि एक मोकळा केलेला. दोन्हीला तीच चेन, तोच बार (चेन फिरते ती पट्टी) आलटून पालटून लावला, इंजिन गरम झाल्यावरच आंब्याच्या एकाच ओंडक्यावर शेजारी शेजारी काप घेतले. मोकळा पुढे आहे, पण आवाजावरून वाटतं तेवढा अजिबात नाही. खरा फरक कापाच्या मध्यावर कळतो, साधा तिथे दबतो, हा ओढत राहतो. तुमचं लाकूड कुठलं, ओलं की सुकं, ते पण लिहा, ऐकीव नको.

---

संगमेश्वरला रिपेअरिंग करतो. दादा, सायलेन्सर मोकळा केला की हवा जास्त खेचली जाते आणि मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून कार्ब्युरेटरचा एच स्क्रू (फुल वेगाचं पेट्रोल ठरवणारा) बाहेर घेऊन पेट्रोल वाढवावंच लागतं. ते न केलेल्या मशिनी माझ्याकडे येतात, पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे. वाईट हे की पातळ मिक्श्चरवर मशीन आधी जास्तच पळतं, आरपीएम चढतो, मालक खूश असतो आणि आत पिस्टन जळत असतो. सिलेंडरखालचं पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवणार असाल तर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून फ्लायव्हील फिरवा, चेपलेली तार मोजा, पिस्टन आणि हेडमध्ये अर्धा मिलिमीटर गॅप राहिलाच पाहिजे. आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी ऑइल, ५० ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली, त्यात काटकसर नको.

---

मी अमेरिकेत ओरेगनला असतो, हिवाळ्याचं जळण स्वतः कापतो, बहुतेक डग्लस फर, म्हणजे मऊ लाकूड. माझा ७० सीसीचा पोर्टिंग केलेला आहे, म्हणजे सिलेंडरचे पोर्ट घासून मोठे केलेत, आणि सातऐवजी आठ दात्यांचा स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) लावलाय. हिशोब सोपा आहे, ३/८ इंच पिचची (कड्यांच्या अंतराची) चेन ७ दात्यांवर १०,००० आरपीएमला सेकंदाला साधारण २२ मीटर धावते, ८ वर २५. मऊ लाकडात हा फरक डोळ्यांना दिसतो, नुसत्या पोर्टिंगचा एवढा दिसला नव्हता. स्पर्धेतल्या हॉट सॉ, म्हणजे शर्यतीसाठी बनवलेले जबर इंजिनाचे चेनसॉ, तर ४६ सेंटीमीटरच्या ओंडक्याच्या तीन चकत्या पाच-सहा सेकंदांत पाडतात, पण ते इंजिन जळणासाठी नव्हेच. सायलेन्सर उघडताना ठिणग्या अडवणारी जाळी मात्र मी ठेवलीये, इथल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये त्याशिवाय चालवता येत नाही आणि उन्हाळ्यातली आग काय असते ते इथे सगळ्यांना माहितीये.

---

कुडाळ. सगळे इंजिनावर बोलताय, दातांवर कोणीच नाही! आमच्या साध्या मशीनला नवीन कानस मारलेली चेन लावली की शेजारच्यांचं मॉडिफाय केलेलं मागे पडतं, त्यांची चेन मातीला लागून बोथट झालेली असते. ३/८ पिचच्या चेनला ५.२ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ पिचला ४.८ ची, दोन्हीकडचे दात सारखे नसले तर काप वाकडा जातो. पुढचा रेकर (दात किती खोल घुसेल ते ठरवणारा उंचवटा) दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली, त्याहून जास्त घासला तर मशीन हिसके मारतं, जास्त कापत नाही. छिलके पडतायत की पीठ पडतंय एवढं बघा, पीठ पडत असेल तर सायलेन्सरवर खर्च कशाला करायचा?

---

धागाकर्ता: कुडाळकरांचं पटलं, म्हणूनच एकच चेन दोन्हीला लावली होती. अजून एक, हाताने दाब द्यायचा नाही, मशीन स्वतःच्या वजनाने जितकं खाली जाईल तितकंच, नाहीतर आपण आवडत्या मशीनवर नकळत जोर लावतो आणि मोजणं फुकट जातं.

---

सोलापूर, सुकी बाभूळ. ओरेगनवाल्यांचा आठ दात्यांचा हिशोब मऊ लाकडाला बरोबर आहे, इथे नाही चालत. माझा ५० सीसीचा, सायलेन्सर मोकळा, आठ दाती लावली तर बार अर्धा आत गेला की चेन थांबायची आणि क्लचचा वास यायचा, कारण वेग वाढला तेवढी ओढ कमी झाली. सात परत लावली, चिझल (टोकदार कोपऱ्याच्या दातांची) काढून सेमी चिझल (गोलसर कोपऱ्याची) चेन घातली, आता काप हळू सुरू होतो पण मध्ये थांबत नाही, आणि दिवसभरात पहिल्यापेक्षा जास्त लाकूड निघतं.