मदत हवी आहे: नवरंग पक्ष्यासाठी गेस्टना कॉल (त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग) वाजवू द्यायचा का?

आमचं दक्षिण रायगडात छोटं होमस्टे आहे, मागे आगर आणि त्याला लागूनच रान. मे संपता संपता वळवाचे एकदोन पाऊस पडले की नवरंग येतो आणि त्याच्या मागोमाग मोठ्या लेन्सवाले गेस्ट. जूनचा धंदा बराचसा त्या पक्ष्यावर चालतो, हे आधीच सांगते म्हणजे कुणी मला उगाच संत समजायला नको. ट्रेलवर, म्हणजे रानातल्या वाटेने पक्षी दाखवायला, धाकटे दीर नेतात.

तर हल्ली दर दुसऱ्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी बॅगेत ब्लूटूथ स्पीकर असतोच. नवरंगाचा कॉल लावला की नर लगेच जवळच्या फांदीवर येऊन ओरडायला लागतो, पाच मिनिटांत सगळ्यांचे फोटो होतात, सगळे खूश. भाऊजी म्हणतात, वहिनी, आपण काय पक्षी धरतोय का, आवाजच तर वाजवतोय, आणि नाही म्हटलं तर हे लोक पुढच्या गावातल्या गाइडकडे जातील वर रिव्ह्यूमध्ये दोन स्टार ठोकतील. शेवटचं तर झालंय पण एकदा.

मला खटकतं ते असं की तो नर काही आवाज आवडला म्हणून येत नाही, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून त्याला हाकलायला येतो. वेळ कुठली, तर जोडी जमवायची आणि घरटं बांधायची. ते घरटंही जमिनीवर नाहीतर एखाद्या खालच्या फांदीवर, काटक्या-पानांचा गोळा आणि बाजूला तोंड. पाचोळ्यातले किडे टिपायचे सोडून हा उघड्यावर बसून नसलेल्या शत्रूशी भांडतोय, शिक्रा (शिकारी पक्षी) असतोच आसपास. आणि गेस्ट म्हणतात आम्ही एकदाच वाजवला, ते खोटं बोलत नाहीत हो, पण ह्यांचं एकदा, उद्याच्यांचं एकदा, पुढच्या शनिवारच्यांचं एकदा, आणि रान तेच, नर तोच.

भाऊजींचा अजून एक मुद्दा, ज्याला मला उत्तर देता आलं नाही: १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा (एक दुर्मिळ घुबड) परत सापडला, त्याच्या नंतरच्या सर्वेत अभ्यासकांनी कॉल वाजवलेच की, मग आपल्यालाच का नियम? आणि आमची जागा अभयारण्यात नाही, तर कायदा काही म्हणतो का? कुणी होमस्टे किंवा गाइडिंग करत असाल तर गेस्टना नाही कसं म्हणता तेही सांगा प्लीज.

प्रतिसाद:
कायद्यात प्लेबॅक (रेकॉर्डिंग वाजवणं) हा शब्द नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ प्रमाणे अभयारण्यात प्राण्यांना छेडायला मनाई आहे, आणि कलम २ मधली शिकारीची व्याख्या बघा, पक्ष्यांची अंडी-घरटी डिस्टर्ब करणं त्यातच येतं, तिथे अभयारण्याची अट नाही. सर्वेचं म्हणाल तर तिथे परवानगी असते, किती वेळ वाजवायचा ते ठरलेलं असतं, आणि पक्षी आहे की नाही एवढं कळलं की बंद. तुमच्या गेस्टना पक्षी आहे हे आधीच माहितीये, त्यांना तो फांदीवर हवाय.

प्रतिसाद:
मी वाजवतो आणि वाजवणार. दहा माणसं पाचोळा तुडवत घरट्याच्या आसपास पक्षी शोधत फिरण्यापेक्षा वाटेवर उभं राहून अर्धा मिनिट कॉल वाजवलेला परवडला.

प्रतिसाद:
वरच्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण तो रोज माणसं न येणाऱ्या जागेसाठी. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमांतही जिथे बर्डर्सची (पक्षी बघणाऱ्यांची) गर्दी असते तिथे आणि दुर्मिळ जातींसाठी रेकॉर्डिंगचा वापर मर्यादित ठेवा असंच आहे. आणि 'थोडंसंच वाजवलं' वाल्यांनी २००२ चा कॅनडातला चिकडी या छोट्या पक्ष्यांवरचा अभ्यास वाचा. काही मिनिटांच्या प्लेबॅकमध्ये दादा नर गाण्याच्या झुंजीत हरले असं भासवलं, माद्या ते ऐकत होत्या, आणि नंतर त्या नरांच्या घरट्यांत दुसऱ्याच नरांची पिल्लं जास्त निघाली. तुम्ही घरी येऊन फोटो एडिट करत असता तेव्हा तिकडे असं चालू असतं.

बाकी नवरंगाला बोलवायची गरजच काय, पहाटे आणि संध्याकाळी स्वतःच शिट्ट्या मारत असतो. वाटेवर सावलीत गप बसायला लावा. आवाज ओळखायला शिकायचा असेल तर रूमवर इअरफोन लावून खुशाल ऐका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सर्वेचं उत्तर भाऊजींना वाचून दाखवलं, हं म्हणाले, म्हणजे निम्मं पटलं. बुकिंगच्या मेसेजमध्ये हे टाकायचं म्हणतेय: "ट्रेलवर स्पीकर किंवा मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवता येणार नाहीत. वाजवल्यास ट्रेल तिथेच थांबेल, पैसे परत मिळणार नाहीत." पैशांचं वाक्य फार कडक वाटतंय का? नवरा म्हणतो ते काढ, मला वाटतं तेवढंच वाचतात लोक.