मदत हवी आहे: स्मृती जपणाऱ्या संस्थेची धुरा कुणाकडे द्यावी?

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धातले वैमानिक इंद्रलाल रॉय यांची आठवण जपणारी एक छोटी संस्था आम्ही सहा-सात स्वयंसेवक चालवतो. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० हवाई विजय, आणि २२ जुलैला फ्रान्समध्ये मृत्यू. वय १९! डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, ब्रिटिशांचं वैमानिकांसाठीचं शौर्यपदक) मिळवणारे हे पहिले भारतीय, तरी शाळेत नाव सांगितलं की मुलं कोऱ्या चेहऱ्यानं बघतात.

अडचण अशी, की अध्यक्ष वयोमानामुळे बाजूला होताहेत. दाते, कागदपत्रं, बँकेचे व्यवहार, सगळं त्यांच्या एका वहीत आणि डोक्यात. आम्ही बाकीचे नोकरदार, रविवारपुरते. कुणी अशी जबाबदारी दोघातिघांत वाटून घेतली आहे का? सहीचे अधिकार कसे ठेवलेत? विश्वस्त बदलाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे करावी लागते, एवढं माहीत आहे. त्याआधी वर्षभर सोबत काम करून शिकावं, की सरळ सूत्रं घ्यावीत?

शिवाय जुनी कात्रणं एका उत्साही सभासदानं लॅमिनेट करून टाकली आहेत (कपाळाला हात लावला!). ती सोडवता येतात का? उरलेल्यांसाठी आम्लमुक्त कागद आणलाय.

अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.