डिस्कचं ‘पार्टिशन’: विभाजन, फाळणी की पोटहिस्सा?

गोदाकाठ: पंचवटीतला माझा भाचा जुन्या लॅपटॉपवर हायकू टाकतोय. बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वळणावर २००१ पासून घडत असलेली, अजून बीटातच, म्हणजे चाचणी आवृत्तीतच असलेली ऑपरेटिंग सिस्टीम. मी टिपण लिहून दिलं: ‘आधी डिस्कचं विभाजन कर.’ लगेच फोन, “मामा, मग विंडोजमधले फोटो जाणार?” अख्खी डिस्क नव्याने कापायची असं त्याला वाटलं. मला म्हणायचं होतं, रिकाम्या जागेतून तुकडा काढ. नेमका शब्द कोणता? शिवाय हायकू सुरू होताना पडद्यावर चित्रं एकेक करून उजळतात, ती मध्येच थांबतात. त्यावरही सुचवा.

देवळालीकर: पार्टिशनच लिहा. पोराला पडद्यावर तेच दिसणार आहे.

जुनी वही: फाळणी काय वाईट? नांगराच्या फाळाने जमीन चिरतो, त्यातलाच शब्द असणार.

देवळालीकर: आमच्या शेजारी १९४७ नंतर सिंधहून आलेले आजोबा होते. फाळणी म्हटलं की ते उठून आत जायचे. हार्डडिस्कसाठी तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

निफाडची सून: सातबारा बघा की! गट २१२ चे वाटे पडले की २१२/१, २१२/२. पोटहिस्सा. डिस्कचे वाटे नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य पार्टिशनं चारच. जास्त हवी तर एक एक्स्टेंडेड करून तिच्या पोटात लॉजिकल पाडायची. हा पोटहिस्साच झाला. आणि बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचा निकामी झालेला भाग, तो पोटखराबा, सातबाऱ्यावरची लागवडीला न धरलेली जमीन!

जुनी वही: शहरातल्या पोराने सातबारा कधी पाहिलाय? आणि पोटखराबा सगळाच वाया नसतो. रस्ता, पाट त्यातच धरतात.

निफाडची सून: तो वर्ग ब. खडकाळ, पीक न येणारा तो वर्ग अ. बॅड सेक्टर वर्ग अ मध्ये, आणि कंपनीने रिकव्हरीसाठी, म्हणजे बिघाडानंतर सिस्टीम परत आणायला राखून ठेवलेला भाग वर्ग ब मध्ये. तलाठ्याने आधीच सोय करून ठेवलीय.

मखमलाबाद: चित्रं मध्येच थांबतात ती अडचण राहिलीच. चित्रं यायच्या आधी शिफ्ट दाबून धरायला सांगा. मेनू येईल, त्यात सेफ मोडखाली फेल-सेफ ग्राफिक्स, म्हणजे साधा ग्राफिक्स ड्रायव्हर, निवडा.

गोदाकाठ: कळवतो त्याला. पण ताई, लॉजिकल जर पोटहिस्सा, तर मुख्य पार्टिशनला काय म्हणायचं? गट?

निफाडची सून: गट म्हणजे अख्खी डिस्क हो!