रोज घालायला रेट्रो बास्केटबॉल शूज: रूप बघू की पाय बघू?

सपाट_तळवा
दिवसाला सहा-सात तास उभं राहायचं, वर लोकलची धक्काबुक्की. खेळायचं नाहीये, जीन्सवर घालायचेत. कॉन्व्हर्सचा चक टेलर, आदिदासचा सुपरस्टार, की नायकेचा एअर फोर्स १ किंवा जॉर्डन १ हाय (घोट्यापर्यंतचा)? पंजा रुंद आहे. मन जॉर्डनवर आहे, हे आधीच सांगतो.

नाडी_सैल
रुंद पंजा असेल तर सुपरस्टार आधी बाद. बोटांवरचा तो शिंपल्यासारखा भाग रबराचा. कातडं घालून घालून सैलावतं, रबर नाही; करंगळी घासतच राहते. एक नंबर मोठा घ्याल तर टाच निसटेल.

चकमध्ये पायाखाली रबर आणि पातळ सुकतळा, बस्स. १९१७ सालचा सांगाडा आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा करणार? तेच रूप हवं तर त्याचीच सुधारित आवृत्ती, चक ७०, बघा. कॅनव्हास जाड आणि सुकतळा गुबगुबीत. दोन्ही सहसा अर्धा नंबर लहान घ्यावे लागतात.

उभं राहायचं असेल तर माझं मत एअर फोर्स १ ला. १९८२ चा, ब्रूस किलगोरचं डिझाइन, टाचेत हवेची पिशवी असलेला नायकेचा पहिला बास्केटबॉल बूट. पंजाला ऐसपैस जागा. जड आहे, जिने चढताना कळतं. हाही अर्धा नंबर लहान घ्या.

टाचेखाली
मन जॉर्डनवर आहे ना, मग बाकीचं घेऊन कपाटातच पडेल. १९८५ च्या त्या बुटात हवा फक्त टाचेत, पंजाखाली जवळपास काही नाही. त्यामुळे जळजळ पंज्यात होते.

उपाय: सुकतळा चिकटवलेला असतो. हेअर ड्रायर अर्धा मिनिट फिरवा आणि टाचेकडून हळूहळू सोलत आणा. त्याच्यावर ठेवून ३-४ मिमीचा नवा सुकतळा कापा. याहून जाड नको. पाय वर उचलला जातो, बोटं वरून दाबली जातात आणि टाच सुटते. वरची दोन भोकं मोकळी सोडा, नाहीतर कॉलर घोट्याला घासते. नंबर संध्याकाळी बघा, पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी.

सपाट_तळवा
आणि जॉर्डन ४? सेकंड हँड, 'कधीच न घातलेला' जोड स्वस्तात मिळतोय.

नाडी_सैल
'कधीच न घातलेला' हीच तर मेख आहे. जॉर्डन ३ आणि ४ च्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एक प्रकारच्या फोमचा. हवेतला ओलावा तो आतून तोडतो, आणि आपल्या पावसाळ्यात डब्यात ठेवलेला जोड त्यातून सुटत नाही. आठ-दहा वर्षं जुना असेल तर दिसायला कोरा, पण पहिल्याच फेरीत तळ भाकरीसारखा तुकडे तुकडे. बुटाच्या जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर उत्पादनाची तारीख असते, तिचा फोटो मागा. हातात आला की थरावर अंगठा दाबा. चिकट लागला किंवा बारीक भेगा उमटल्या तर स्वस्त कितीही असो, परत द्या.

टाचेखाली
आणि मोजे जाड घाला. पहिले चार-पाच दिवस घरातच, तासभर.