मंडळाच्या डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट रखडताहेत, मदत हवी

सप्रेम नमस्कार मंडळी,

मंडळाच्या जुन्या नाटकांच्या आणि गणपतीतल्या कार्यक्रमांच्या मिनीडीव्ही टेप्स अखेर कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. तासाला जवळपास १३ जीबी, त्यामुळे सगळं मिळून २०० जीबीच्या घरात गेलंय. आता याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवायच्या आहेत. पण नवी पोर्टेबल हार्ड डिस्क लावली तर कॉपीचा वेग ३५ एमबी प्रति सेकंदाच्या वर सरकतच नाही. पुढचा पोर्ट, मागचा पोर्ट, रीस्टार्ट, सगळं करून पाहिलं. व्हायरस असेल, विंडोज नव्याने टाका, असं एकांनी सुचवलंय. टाकू का?

– ग्रंथालय समिती

---

अगं, विंडोजला अजिबात हात लावू नकोस! बाहेर एक तरी प्रत होईपर्यंत ती सगळी नाटकं त्या एकाच मशीनवर आहेत.

आकडा कळवलास हे फार बरं केलंस. ३५ वर असा ठाम बसलेला वेग म्हणजे यूएसबी २.० ची, जुन्या संथ जोडणीची खूण. त्याची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी. प्रत्यक्षात पदरात पडतात ३० ते ४०. डिस्क ३.० ची, म्हणजे नव्या जलद जोडणीची असेल तर वाटेत कुठेतरी जुना दुवा आहे.

आधी केबल बघ. अशा बऱ्याच डिस्कचं सॉकेट रुंद, चपटं आणि दोन भागांचं असतं. त्यातल्या मोठ्या भागात जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल अगदी चपखल बसते. दिवा लागतो, फाइल्स दिसतात, कुणाला शंकाही येत नाही. पण जलद वेगासाठीच्या शेजारच्या पाच पिना रिकाम्या राहतात. डिस्कच्या खोक्यातली रुंद टोकाची केबल शोध आणि मागच्या निळ्या पोर्टात (निळा रंग ही सहसा ३.० ची खूण) एका झटक्यात खोच. हळूहळू सरकवलं तर कधीकधी जुन्या पिना आधी टेकतात आणि जोडणी २.० वरच होऊन बसते.

– काका

---

काकांच्या मेलला जोडून एक: बिनवायरी माऊसचा रिसीव्हर त्या निळ्या पोर्टाला खेटून लावू नका. यूएसबी ३.० चा गोंगाट माऊस वापरतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींत घुसतो आणि माऊस अडखळायला लागतो. मग लोक म्हणतात कॉम्प्युटर हँग झाला.

– सांस्कृतिक समिती

---

काका, केबलच होती! खोक्यातली लावून मागच्या निळ्या पोर्टात वेग ११० च्या आसपास गेला. दीड तासाचं काम अर्ध्या तासात. पहिली प्रत पूर्ण झाली, फाइल्स उघडून पाहिल्या, आवाज-चित्र व्यवस्थित आहे.

पण हीच केबल पुढच्या निळ्या पोर्टात लावली की पुन्हा ३५. कॅबिनेट उघडून पाहिलं: पुढून आलेल्या जाड वायरच्या टोकाला एक छोटा अडॅप्टर लावलाय आणि तो मदरबोर्डच्या नऊ पिनांवर बसवलाय.

– ग्रंथालय समिती

---

शाब्बास! ती नऊ पिनांची जागा २.० ची. पोर्ट रंगाने निळा असला तरी वेग तिथून मिळतो तेवढाच. बोर्डावर १९ पिनांची, चौकट असलेली मोठी जागा रिकामी आहे का बघ. असेल तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग भिंतीतून काढून, अडॅप्टर वगळ आणि जाड वायर थेट तिथे बसव. खाच जुळवून सरळ दाब, तिरकं रेटलंस तर पिना वाकतात. जागाच नसेल तर पुढच्या पोर्टांना कीबोर्ड-माऊस लाव आणि डिस्कसाठी मागचेच वापर.

पण हे सगळं दुसरी प्रत झाल्यावर. ती माझ्याकडे ठेवायची असेल तर शनिवारी येऊन घेऊन जातो.

– काका